सावित्रीचा नकाशा आणि संगणकाची आठवण

भूगोलाच्या नकाशात रायगड जिल्ह्याचा दक्षिण भाग काढून पहा. मुंबई–गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूर ही दोन गावे तुम्हाला एकापाठोपाठ एक सापडतील. दोहोंत फारतर अठरा-वीस किलोमीटरचे अंतर आहे. आता त्यांचे अक्षांश वाचा. महाड सुमारे १८.०८ अंश उत्तर आणि पोलादपूर सुमारे १७.९८ अंश उत्तर. म्हणजे १८ अंशाचे अक्षवृत्त नेमके या दोन गावांच्या मधून जाते!

एस.टी.ने जाणाऱ्या प्रवाशाला ही रेषा कधी ओलांडली याचा पत्ताही लागत नाही. संगणकाला मात्र ती ओलांडताना एक फाइल सोडून दुसरी धरावी लागते. असे का होते, आणि तेवढ्या एका गोष्टीतून संगणकाच्या आठवणीचे किती नियम निघतात, ते आज आपण पाहू.

एक अंशाची चौकट

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली. एवढी प्रचंड माहिती एकाच फाइलीत ठेवणे गैरसोयीचे. म्हणून तिचे एक अंश लांब व एक अंश रुंद असे चौकोनी तुकडे केले आहेत. असे तुकडे चौदा हजारांहून अधिक भरतात. प्रत्येक तुकड्याला त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे नाव दिलेले असते. महाड ज्या तुकड्यात येते त्याचे नाव ‘एन १८ ई ०७३’, म्हणजे १८ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. पोलादपूर ज्यात येते त्याचे नाव ‘एन १७ ई ०७३’. आपण त्यांना सोयीसाठी ‘महाड-चौकट’ आणि ‘पोलादपूर-चौकट’ म्हणू.

एका चौकटीत ३६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३६०१ आकडे असतात. एका आकड्यापासून दुसरा आकडा जमिनीवर सुमारे ३० मीटर दूर असतो. ३६०० ऐवजी ३६०१ का? कारण कडेची ओळ दोन्ही शेजाऱ्यांच्या चौकटींत लिहिलेली असते. गुणाकार करून पहा: ३६०१ × ३६०१ = १,२९,६७,२०१ आकडे. प्रत्येक उंची लिहायला दोन बाइट लागतात. म्हणून एका चौकटीचा आकार २,५९,३४,४०२ बाइट होतो.

आता सावित्री नदीकडे पहा. ती महाबळेश्वरच्या डोंगरावर १८ अंशाच्या दक्षिणेस उगम पावते, पोलादपूरवरून वाहत येते, १८ अंशाची रेषा ओलांडून महाडला येते आणि शेवटी हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान, पुन्हा त्या रेषेच्या किंचित दक्षिणेस, अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एका नदीचा उतार काढायचा तर दोन चौकटी पुनःपुन्हा चाळाव्या लागणार.

हा उतार काढणे केवळ अभ्यासाचा विषय नाही. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे डोंगराचा कडा खाली येऊन ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. कोणते घर किती उंचीवर आहे, कोणता उतार किती तीव्र आहे हे सांगणारा नकाशा अशा वेळी बरोबर असावा लागतो. पूररेषा आखायला याहून बारकाईची मोजणी लागते हे खरे. परंतु मोजणी कितीही बारीक असली तरी ती फाइलीतच ठेवावी लागते आणि संगणकालाच वाचावी लागते.

फाइलचा मथळा

संगणकाच्या फाइलीत अक्षरे नसतात, रेषा नसतात. नुसते आकडे असतात. प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. मग हे आकडे उंचीचे, की छायाचित्राचे, की गाण्याचे, हे संगणकाला कसे कळावे? त्यासाठी बहुतेक फाइलींच्या आरंभी थोडी माहिती लिहिलेली असते. तिला हेडर म्हणतात. वर्तमानपत्रात बातमीला मथळा असतो तसाच हा फाइलीचा मथळा.

उंचीच्या मूळ फाइलींना मथळाच नसतो. फाइलीचे नाव हाच तिचा पत्ता. कोणी नाव बदलले की महाड कोठे आहे हेच कळेनासे होते! म्हणून हीच माहिती पुष्कळदा ‘टिफ्’ नावाच्या पद्धतीने लिहितात. ही पद्धत १९८६ मध्ये आल्डस या कंपनीने आखली. टिफ् फाइलीचे पहिले आठ बाइट असे असू शकतात:

७३ ७३ ४२ ० ८ ० ० ०

येथील ७३ चा रेखांशाशी काही संबंध नाही. संगणकाच्या लिपीत ७३ म्हणजे रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर. सुरुवातीस ‘आय-आय’ असेल तर संख्येचा लहान भाग आधी लिहिला आहे असे समजावे. ‘एम-एम’ (म्हणजे ७७ ७७) असेल तर मोठा भाग आधी. पुढचा ४२ ही टिफ् ची खूण. त्यानंतरचे चार बाइट सांगतात की माहितीची यादी आठव्या बाइटपासून सुरू होते. त्या यादीत प्रत्येक नोंद बारा बाइटांची असते. उदाहरणार्थ, चित्राची रुंदी सांगणारी नोंद पहा:

० १ ३ ० १ ० ० ० १७ १४ ० ०

पहिले दोन बाइट ‘० १’. लहान भाग आधी असल्याने ही संख्या ० + १ × २५६ = २५६. टिफ् मध्ये २५६ ही रुंदीची खूण ठरलेली आहे. ‘३ ०’ म्हणजे मूल्य दोन बाइटांचे आहे, ‘१ ० ० ०’ म्हणजे असे मूल्य एकच आहे. आणि ‘१७ १४’ म्हणजे १७ + १४ × २५६ = ३६०१. आपली रुंदी सापडली! पण कोणी हेच बाइट उलट क्रमाने वाचले तर? १७ × २५६ + १४ = ४३६६. आकडे तेच, उत्तर निराळे. मथळ्यातील पहिल्या दोन अक्षरांवर किती अवलंबून असते ते लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

हाताशी साठा

मथळा वाचायला फाइल उघडावी लागते. फिरती तबकडी असलेल्या डिस्कवरून एखादी गोष्ट शोधून आणायला सुमारे दहा हजारांश सेकंद लागतात. तीच गोष्ट संगणकाच्या स्मृतीत असेल तर सेकंदाचा एक कोट्यंश पुरतो. हा फरक एक लाख पटींचा आहे. स्मृतीतून आणण्याला एक सेकंद लागतो असे मानले तर डिस्कवरून आणायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील! नव्या प्रकारच्या, तबकडी नसलेल्या डिस्क पुष्कळ वेगवान असतात. तरीही स्मृती त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी पुढे राहते.

म्हणून शहाणी आज्ञावली एकदा वाचलेला मथळा स्मृतीत ठेवून देते. पुन्हा मागणी आली की फाइल न उघडता तोच वापरते. अशा हाताशी ठेवलेल्या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. हा शब्द पैशांच्या कॅशसारखा ऐकू येतो, परंतु मूळ निराळे आहे. ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. छोटी वेगवान स्मृती मोठ्या संथ स्मृतीच्या पुढे ठेवण्याची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली.

ग्रंथालयातले उदाहरण घ्या. पुस्तकांची कार्डे मागच्या खोलीत आहेत. ग्रंथपालांच्या टेबलावर एक लाकडी फळी आहे व तिला खाचा आहेत. जी कार्डे वारंवार लागतात ती ग्रंथपाल त्या खाचांत लावून ठेवतात. फळी म्हणजे कॅश, कार्ड म्हणजे मथळ्याची नोंद. ही फळी आपण शेवटपर्यंत वापरणार आहोत.

जागा किती आणि कोणाची?

पहिला प्रश्न जागेचा. वीस नोंदींचा मथळा जेमतेम अडीचशे बाइटांचा; तो ठेवायला कसली अडचण? परंतु टिफ् मध्ये चित्राचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्टा कोठे सुरू होतो व किती लांब आहे हे लिहून ठेवावे लागते. प्रत्येक ओळीचा एक पट्टा धरला तर ३६०१ पट्ट्यांना आठ-आठ बाइट, म्हणजे २८,८०८ बाइट झाले. चौदा हजार चौकटींचे मथळे साठवले तर हा आकडा चाळीस कोटींच्या वर जातो. फळीला खाचा मोजक्याच हव्यात, हा पहिला नियम.

खाचा भरल्यावर कोणते कार्ड काढायचे? जे यापुढे सर्वांत उशिरा लागणार ते काढणे उत्तम, असे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. पण पुढचे कोणाला ठाऊक? म्हणून संगणक मागचे पाहून पुढचा अंदाज करतो: ज्या कार्डाला सर्वांत जास्त वेळ कोणी हात लावला नाही ते काढतो. सावित्रीच्या काठाने चाललेल्या आज्ञावलीला महाड आणि पोलादपूर ही दोन कार्डे सारखी लागत राहतात, त्यामुळे ती फळीवर टिकतात.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. समजा, आज्ञावलीने पूर्ण फाइल स्मृतीत आणली, तिच्यातून मथळा वाचला आणि ‘मथळा त्या तिथे आहे’ एवढी खूण फळीवर लावली. दिसायला कार्ड लहान. परंतु ती खूण जोपर्यंत आहे तोपर्यंत अडीच कोटींहून अधिक बाइटांची ती सगळी फाइल स्मृतीतून काढता येत नाही. एका पानातील दोन ओळी लागतात म्हणून सगळा ग्रंथ टेबलावर अडकवून ठेवण्यासारखे हे झाले. अशी चाळीस कार्डे लावली की शंभर कोटींवर बाइट अडकतात, आणि आज्ञावली लिहिणारा मात्र ‘मी फक्त मथळेच ठेवले आहेत’ असे समजून निश्चिंत असतो! उपाय सोपा आहे. हवी तेवढीच माहिती निराळ्या कार्डावर उतरवून घ्यावी आणि मूळ फाइल सोडून द्यावी.

अनेक हात, एक फळी

आतापर्यंत फळीजवळ एकच ग्रंथपाल होता. पण आजच्या संगणकात, अगदी तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही, एका वेळी अनेक कामे चालतात. एकाच आज्ञावलीत एकाच वेळी पुढे सरकणाऱ्या अशा कामांना ‘धागे’ म्हणतात. मुसळधार पावसात दहा ठिकाणांहून दहा माणसे एकदम महाड-पोलादपूरचा नकाशा मागतात असे समजा. दहा धागे निघतात आणि दहाही त्याच फळीकडे येतात.

खरी गंमत, आणि खरा धोका, येथे सुरू होतो. समजा, एका खाचेत पोलादपूर-चौकटीचे कार्ड आहे. त्यावर तीन रकाने आहेत: नाव ‘पोलादपूर’, वरची कड ‘१८’, बाइटांचा क्रम ‘मोठा आधी’. ‘क’ नावाच्या धाग्याला त्याच खाचेत महाड-चौकटीची माहिती लिहायची आहे: नाव ‘महाड’, वरची कड ‘१९’, क्रम ‘लहान आधी’. दोन्ही फाइली निरनिराळ्या ठिकाणी तयार झाल्याने त्यांचा क्रम वेगळा आहे. ‘ख’ धाग्याला महाडच्या परिसरातील उंची वाचायची आहे. आता काय घडते ते पायरीपायरीने पहा.

१. ‘क’ नाव पुसून ‘महाड’ लिहितो.
२. ‘क’ वरची कड पुसून ‘१९’ लिहितो.
३. इतक्यात ‘ख’ येतो. कार्डावर ‘महाड’ पाहून तो तिन्ही रकाने वाचून घेतो: महाड, १९, मोठा आधी.
४. ‘क’ तिसरा रकाना पुसून ‘लहान आधी’ लिहितो.

‘ख’ ने वाचलेले कार्ड धड महाडचे नाही की पोलादपूरचे नाही. असे कार्ड जगात कधी अस्तित्वातच नव्हते! आणि परिणाम पहा. महाडच्या बाजूला २५६ मीटर उंचीची एक टेकडी आहे. लहान भाग आधी लिहिला असल्याने फाइलीत तिचे बाइट ‘० १’ असे आहेत. ‘ख’ ते उलटे वाचतो: ० × २५६ + १ = १ मीटर. नदीकाठच्या २० मीटर उंचीच्या शेताचे बाइट ‘२० ०’; ‘ख’ वाचतो २० × २५६ + ० = ५१२० मीटर. टेकडी खाडीच्या पातळीला आली आणि शेत आल्प्स पर्वताच्याही वर गेले.

शेताची चूक नकाशा पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. टेकडीची चूक येईलच असे नाही. संगणक काही बोलत नाही, आज्ञावली बंद पडत नाही, कोठेही लाल अक्षरे उमटत नाहीत. दुसऱ्यांदा नकाशा मागितला तर उत्तर बरोबर येते, कारण तोवर ‘क’ चे लिहून झालेले असते. शांत दिवशी शंभर वेळा तपासून पाहिले तरी ही चूक सापडत नाही. पुष्कळ मागण्या एकदम आल्या, म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवशीच, ती प्रकट होण्याचा संभव सर्वांत जास्त.

कुलूप आणि पुरे झालेले कार्ड

यावर उपाय काय? एकेरी लोहमार्गाची जुनी व्यवस्था आठवा. दोन स्थानकांमधल्या मार्गासाठी एक टोकन ठरलेले असे. ज्या गाडीच्या चालकाजवळ टोकन, तिनेच त्या मार्गावर जायचे. टोकन एका वेळी एकाच चालकाला मिळे, त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येण्याचा प्रश्नच उरत नसे. संगणकातील अशा टोकनला कुलूप म्हणतात. हा प्रश्न नेमका काय आहे आणि तो कसा सोडवावा यावर डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांनी सुचवलेल्या एका साधनाचे ‘सेमाफोर’ हे नावही रेल्वेच्या सिग्नलवरूनच आलेले आहे.

ज्याला फळीला हात लावायचा त्याने आधी कुलूप मिळवावे, काम करावे, कुलूप सोडावे. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनीही हा नियम पाळला पाहिजे. लिहिणाऱ्याने पाळला आणि वाचणाऱ्याने टाळला तर वरची गोष्ट पुन्हा घडते.

पण कुलूप हातात धरून ‘क’ डिस्कवरून फाइल वाचू लागला तर बाकीचे नऊ धागे ताटकळत उभे राहतील. ज्यांचे कार्ड फळीवर तयार आहे तेसुद्धा! म्हणून चांगली पद्धत अशी आहे. ‘क’ ने कुलूप घेऊन पाहावे. कार्ड नसेल तर खाचेत ‘वाचन चालू आहे’ अशी चिठ्ठी लावून कुलूप सोडावे. मग फाइल वाचून नवे कार्ड बाजूला बसून पूर्ण लिहावे. सगळे रकाने भरल्यावर पुन्हा क्षणभर कुलूप घेऊन चिठ्ठीच्या जागी कार्ड लावावे. चिठ्ठी पाहून बाकीच्यांना कळते की हे काम कोणी तरी हाती घेतले आहे. त्यामुळे तीच फाइल दहाजण दहा वेळा वाचत नाहीत. फाइल वाचता आली नाही तर मात्र ‘क’ ने चिठ्ठी काढण्यास विसरू नये. नाहीतर वाट पाहणारे कायमचे वाट पाहत राहतील.

आणि एक पक्का नियम: फळीवर लावलेले कार्ड पुन्हा कधीही खोडायचे नाही. नवी मोजणी होऊन फाइल बदलली, तर नवे कार्ड लिहून जुन्याच्या जागी लावायचे. फाइल बदलली हे तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून बहुधा कळते. म्हणून या दोन गोष्टीही कार्डावर टिपून ठेवतात.

हातातले कार्ड फाडू नका

येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. जुने कार्ड काढून टाकायचे. पण त्याच क्षणी ‘ख’ ते हातात धरून वाचत असेल तर? कार्ड फाडले की संगणक ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो. ‘ख’ ला वाटते आपण पोलादपूरचा मथळा वाचत आहोत. प्रत्यक्षात त्या जागी भलतेच काही लिहिलेले असते.

यासाठी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक आकडा लिहितात: हे कार्ड किती जणांकडे आहे? फळीचा एक, प्रत्येक वाचणाऱ्याचा एक. घेतले की आकडा एकाने वाढवायचा, सोडले की एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाला की मगच कार्ड फाडायचे. या मोजणीची युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये मांडली.

पण सावध रहा! हा आकडाही सर्वांच्या सामाईक मालकीचा आहे. फळीचा १ आहे. ‘क’ आणि ‘ख’ एकाच क्षणी कार्ड घेतात. ‘क’ १ वाचतो, ‘ख’ ही १ वाचतो. दोघेही मनात २ करतात आणि २ लिहितात. खरे तर ३ हवेत. पुढे फळीवरून कार्ड निघाले: १ उरला. ‘क’ चे काम संपले: ० उरला. कार्ड फाडले गेले, आणि ‘ख’ अजून वाचतोच आहे! उलट कोणी आकडा कमी करायला विसरला तर कार्ड कधीच फाटत नाही आणि स्मृती हळूहळू भरत जाते.

आता तुमच्या लक्षात आले असेल की जागा सांभाळणे आणि धाग्यांची शिस्त सांभाळणे हे दोन निराळे धडे नाहीत. कार्ड केव्हा फाडायचे हे मोजणीवर ठरते, आणि मोजणी खरी राहणे कुलपावर ठरते. एक सुटले की दुसरे आपोआप सुटते.

दोन कुलपांचा पेच

काही आज्ञावलींत प्रत्येक चौकटीला स्वतंत्र कुलूप असते. १८ अंशाच्या रेषेवरचा उतार काढायला दोन्ही चौकटी लागतात. ‘क’ ने महाडचे कुलूप घेतले आणि तो पोलादपूरच्या कुलपाची वाट पाहू लागला. ‘ख’ ने पोलादपूरचे घेतले आणि तो महाडच्या कुलपाची वाट पाहू लागला. दोघेही हातातले सोडत नाहीत. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर येऊन कोणीच मागे हटू नये तसा हा प्रकार! याची तोड म्हणजे सर्वांनी एकच क्रम पाळणे: कोणाचेही काम कोठूनही सुरू होवो, आधी १७ चे कुलूप, मग १८ चे. मग असा पेच पडूच शकत नाही. का, ते स्वतः विचार करून पहा.

वर्गात करून पहा

फळ्यावर १ हा आकडा लिहा. दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी वीस वेळा त्यात एक मिळवायला सांगा. नियम असा: फळ्याजवळ जाऊन आकडा वाचायचा, जागेवर परत येऊन वहीत बेरीज करायची, मग जाऊन जुना आकडा पुसून वहीतला लिहायचा. एकमेकांकडे पाहायचे नाही, थांबायचे नाही. शेवटी फळ्यावर ४१ हवेत. किती येतात ते पहा; आणि तीनदा करून तीन निराळी उत्तरे येतात का तेही पहा. नंतर खडू एकच ठेवा व ज्याच्या हाती खडू त्यानेच वाचायला, मिळवायला आणि लिहायला जायचे असे ठरवा. आता किती येतात?

शिक्षकांनी दोन्ही वेळा लागलेला वेळही नोंदवावा. दुसऱ्या पद्धतीला जास्त वेळ लागतो का, आणि वहीतली बेरीज फळ्याजवळच उभे राहून केली तर तो कमी होतो का, यावर वर्गात चर्चा करता येईल.

विचार करा

१. चौकटीतली ओळ अशी काढतात: (वरची कड – ठिकाणाचा अक्षांश) × ३६००. महाडचा अक्षांश १८.०८ आणि महाड-चौकटीची वरची कड १९ धरून ओळ काढा. अर्धवट पुसलेल्या कार्डामुळे वरची कड १८ वाचली गेली तर काय उत्तर येईल?

२. एका मथळ्यात पट्ट्यांची संख्या चारशे कोटी लिहिलेली आहे, पण फाइल केवळ अडीच कोटी बाइटांची आहे. आज्ञावलीने तेवढी जागा राखून ठेवण्यापूर्वी काय करावे?

उत्तरे: १. ओळ ३३१२. चुकीच्या कडेने –२८८. उणे ओळ असूच शकत नाही. म्हणून वाचण्यापूर्वी ओळ ० ते ३६०० च्या दरम्यान आहे का हे तपासणारी आज्ञावली येथे चूक पकडेल, आणि न तपासणारी स्मृतीतल्या भलत्याच जागी जाऊन वाचू लागेल. २. प्रत्येक पट्ट्याच्या नोंदीला आठ बाइट लागतात. इतक्या नोंदी फाइलीत मावणेच शक्य नाही, हे गुणाकाराने ताडून पाहावे आणि असा मथळा नाकारावा. मथळा फाइलीविषयी सांगतो ते खरे आहे की नाही, हे फाइलीवरूनच पडताळता येते.